धवलारीण कशी पडली

आमच्या येसूबाईचा दम किती लांब, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ती माझी थोरली जाऊ आणि कोपरखैरणे गावातली शेवटची धवलारीण. आम्हा आगऱ्यांत पूर्वी लग्न धवलारणीच्या तोंडूनच लागायचं. हळदीपासून पाठवणीपर्यंत ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणार, देवांना आणि पूर्वजांना नावं घेऊन मांडवात बोलावणार, आणि आम्ही बायका मागे बसून तिची ओळ उचलणार. माझं लग्न त्र्याहत्तर सालचं. तेव्हा मांडवाबाहेर भाताची खाचरं होती, पलीकडे मिठागरं. माझ्या आत्यानं हळदीचा हात कपाळापासून तळपायापर्यंत नेला तरी येसूबाईची एक ओळ संपली नव्हती. पाटावर बसल्या बसल्या माझाच जीव गुदमरला होता.

आता ती ब्याऐंशीची आहे. गेली दोन वर्षं ती ओळ मध्येच सोडून द्यायची. पण अशा झोकात, की ऐकणाऱ्याला वाटावं, इथं मागच्यांनीच उचलायचं असतं. मी उचलायचे. तिनं कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही.

यंदा वैशाखात तिच्या नातीचं, निशिगंधाचं लग्न ठरलं. मुलगा करंजाड्याचा. लग्नाला तीन आठवडे उरले असताना एका दुपारी आम्ही दोघी घरात उजळणी करत होतो. नवरीला मांडवात नेतानाची ओळ गायला येसूबाई उभी राहिली, अर्ध्यावर गप्प झाली आणि धाडकन आडवी झाली. मिनिटभरात शुद्धीवर आली. पाय वाकडा पडलेला, वेदनेनं तोंड पांढरं, पण पहिलं वाक्य काय बोलली?

"टायलींवरून घसरली, असा सांग. ओळ गाताना धवलारीण पडली, हे सोयऱ्यांच्या कानावर गेला तं अपशकुन बोलतील. पोरीच्या लग्नाला डाग नको गो."

मी मान डोलावली. चाळीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी.

खुब्याचं हाड मोडलं होतं. वाशीच्या हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उद्याच ऑपरेशन करू. या वयात माणूस पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात. येसूबाईचा मुलगा, माझा पुतण्या रूपेश, सही करायला पेन उघडूनच उभा होता.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. नमिता नाव. शिडशिडीत, घाई नसलेली मुलगी. तिनं येसूबाईच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, आजी, पाय घसरला की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली? येसूबाई म्हणाली, घसरली. दम लागतो का? यावर येसूबाईला हसूच आलं. रूपेशनं अभिमानानं सांगून टाकलं की आई अजून रात्रभर गाते.

येसूबाई माझ्याकडे बघत होती. बोलले तर ऑपरेशन रद्द होईल, ती कायमची खाटेवर पडेल आणि गोष्ट करंजाड्याला पोचेल, हे मला दिसत होतं. पण डॉक्टर अजून थांबली होती. ज्याचं उत्तर मिळालेलं असतं, असा प्रश्न विचारून कोणी थांबत नाही.

"ती घसरली नाही," मी म्हणाले. "फरशी कोरडी होती. ती गाता गाता पडली. आणि दोन वर्षं तिचा दम ओळीला पुरत नाही."

रूपेशनं पेनाचं टोपण लावलं. येसूबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

खाटेपाशीच मशीन आणून हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप कडक होऊन आवळली होती. रक्ताला जायला जेमतेम फट. नमितानं आम्हाला नीट समजावलं: ऑपरेशन रद्द करायचं नाही, उशीरही करायचा नाही, पण भूल द्यायची रीत बदलायची. अशा हृदयात रक्तदाब एकदम उतरला तर सावरत नाही. म्हणून भूल हळूहळू द्यायची, मनगटाच्या धमनीत सुई ठेवून प्रत्येक ठोक्याचा दाब बघायचा. जोखीम आहे, ती म्हणाली, पण आता ती आम्हाला दिसते आहे.

दुसऱ्या दिवशी अडीच तास आम्ही बाहेर बसलो. रूपेशनं चार चहा आणले, चारही गार झाले. मग नमिता बाहेर आली, टोपीखाली केस घामानं चिकटलेले, आणि म्हणाली की आजींनी दाब एकदाही उतरू दिला नाही. रूपेश तिच्या पाया पडायला वाकला, ती दोन पावलं मागे सरकली आणि मागच्या ट्रॉलीवर आदळली. आम्ही तिघंही हसत सुटलो.

तिसऱ्या दिवशी येसूबाई वॉकर धरून दारापर्यंत चालली. सिस्टरशी बोलली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलली, तिच्या सुनेची चौकशी केली. माझ्याशी एक शब्द नाही.

नमिता पुढचं सांगायला आली. पायाच्या धमनीतून नवी झडप बसवता येते, छाती उघडावी लागत नाही. पण ती बसेपर्यंत गाणं बंद.

येसूबाईनं डोळे मिटले. मग देण्याघेण्याच्या बैठकीत बसावं तशी वॉकरवर दोन्ही हात टेकून बोलायला लागली. आषाढात करा, तवा लग्ना नसतात. नमिता म्हणाली, आषाढ लांब आहे, पुढच्याच आठवड्यात हवं. येसूबाई म्हणाली, नातीचा लगीन झाल्यावर. शेवटी लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारावर ठरलं, तेही हृदयाचे डॉक्टर हो म्हणाले तर, आणि मांडवात खुर्चीवरून उठायचं नाही या अटीवर.

डॉक्टर गेली. येसूबाई माझ्याकडे वळली.

"मांडवात पुढं तू बसशील. मी ऐकीन. आनि चुकलीस तं मधेच बोलीन, मग कोन काय बोलंल ते बोलंल."

सोयऱ्यांना काय सांगायचं, एवढंच मी विचारलं.

"खरा सांग. तुला नायतरी दुसरा येतंय काय?" ती म्हणाली. "सांग, धवलारीण पडली. आनि सांग, ती उठली पन."