धुऊन काढलेला गिलावा

फौजदारीण कोंबडी त्या सकाळी एकदाची खुडूक झाली, अंडी उबवायला बसली. पिसं फुगवून घरट्यात अशी ठाण मांडून बसली, की आबांनी हात पुढे केला तर टोच मारून मोकळी. आबांना टोच गोडच लागली. तीन दिवस ते याचीच वाट बघत होते.

तीन दिवसांपूर्वी परसातल्या पाच कोंबड्यांतली काळी मुंगसाने नेली होती. कोंबड्यांना हात नसतात म्हणून, नाहीतर थंडीत अंडी घालायची म्हटली की बाकीच्या चौघींनी ते वर केलेच असते. काळी मात्र तेव्हाही नेमाने अंडं घालायची. तिची आठ अंडी मागे राहिली होती. शेजारच्या शिंप्याचा कोंबडा रोज भिंत ओलांडून पाहुणचार घेऊन जायचा, तेव्हा त्यांत जीव असणारच. ती फौजदारणीखाली उबवली तर काळीचा वंश राहील, नाहीतर संपला.

आबा सगळं आयुष्य गवंडीकाम केलेला माणूस. कोठीत कोंड्याने भरलेल्या घमेल्यात त्यांनी अंडी निमुळतं टोक खाली करून रोवली होती, न धुता. काळीच्या आठांवर कामाच्या जाड पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या. आता ते घाईघाईने कोठीत गेले. घमेलं होतं, कोंडा होता, अंडं एकही नव्हतं.

"अगं, अंडी कुठायत?"

"फ्रिजमध्ये," स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली. ती नर्स, ड्यूटीवर जायची तयारी चालली होती. "एकतीस होती. सगळी धुऊन ठेवलीत."

"धुऊन?"

"कोमट पाण्याने, साबण लावून. काल आमलेटला अंडं फोडलं तर वरची घाण वाटीत. तुमचं पोट बिघडलं की घोर माझ्याच जिवाला."

आबांनी फ्रिज उघडला. एकतीसच्या एकतीस अंडी लग्नाला निघाल्यासारखी चकचकत होती.

"आणि फुल्या?"

"ते काळं होय? निघता निघेना. घासणीने काढलं."

आबांनी एक अंडं उजेडाला धरून पाहिलं, फुलीचा मागमूस नव्हता. "चार वर्षं सांगतोय, अंड्यांना हात लावू नकोस. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने ऐकलं असतं."

"हात लावू नकोस, हात लावू नकोस! का ते कधी सांगितलंत? मला काय स्वप्न पडणार होतं?"

आबांनी खरंच कधी सांगितलं नव्हतं. हाताखालच्या माणसांनाही ते 'असं कर' एवढंच म्हणत आले होते. पण हे कबूल करायला जीभ वळेना, त्यामुळे चीड आणखी वाढली.

त्यांनी सगळी अंडी बाहेर काढून ओट्यावर मांडली. काळीची अंडी जरा लांबट असायची. एक उचललं, लांबट वाटलं. दुसरं उचललं, तेही लांबट वाटलं. तिसऱ्यापाशी तर पहिलं गोल वाटायला लागलं. त्यांनी ओळंब्याची दोरी आणली आणि एकेका अंड्याला गुंडाळून माप घेऊ लागले. तोवर गारेगार अंड्यांना घाम फुटला, दोरी निसटायला लागली.

"सगळीच ठेवा की तिच्याखाली."

"एकतीस? कोंबडी आहे ती, बस नाही!"

मुलगी फडकं घेऊन पुढे आली.

"पुसू नकोस!" आबा ओरडले. मग दात आवळून, एकेक शब्द मोजत बोलले, "अंड्याला बारीक छिद्रं असतात. कोंबडी वरून गिलावा करून देते. तो आहे तोवर अंडं बाहेर टिकतं. तू गिलावाच काढलास. आता ओलं पुसशील तर घाण आत जाईल. राहिलेली अंडी फ्रिजमध्येच जाणार, दुसरा इलाज नाही."

"एवढंच होतं ना? आधी बोलला असतात तर काय जीभ झिजली असती?"

आबांनी आठ अंडी निवडली. तीन खात्रीची होती, पाच अंदाजाने. घाम आपसूक वाळल्यावर आणि गारठा गेल्यावर ती फौजदारणीखाली सरकवली.

आठव्या दिवशी कोठीचं दार लावून दोघं अंधारात बसली. मुलीने पेशंटच्या डोळ्यांत बघायची बॅटरी आणली होती. अंड्याला खालून उजेड लावला. पहिलं रिकामं. दुसरं रिकामं. सातही नुसती कंदिलाच्या काचेसारखी लख्ख. आबा प्रत्येक अंड्याला "धुतलंस ना, बघ," म्हणत होते. मुलगी पुढचं अंडं बॅटरीवर धरत होती.

आठव्यात लाल धाग्यांचं जाळं दिसलं. मध्ये एक ठिपका, हलल्यासारखा.

"काळीचं?" मुलीने हळूच विचारलं.

आबांनी अंडं फिरवून फिरवून पाहिलं. "कुणाला ठाऊक! खात्रीच्या तिनांतलं की अंदाजाच्या पाचांतलं, तेही आता सांगता यायचं नाही."

ते अंडं परत ठेवताना फौजदारणीने मुलीच्या मनगटावर कडकडून टोच मारली. त्या दिवसाची तीन अंडी गवतात पडली होती, एकाला घाण लागलेली. मुलीने त्याच्याकडे बघून नाक मुरडलं. तरी तशीच नेऊन तिन्ही कोंड्यात रोवली, निमुळतं टोक खाली.

मग मोरीत जाऊन स्वतःचे हात साबणाने दोनदा धुतले. आबा दारात उभे राहून बघत होते.