नवरात्रात राहिलेल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना श्रीखंडाचा डबा आहे. दर्यापूरच्या एका घराचे प्राण माझ्या पोटात सुरक्षित आहेत, असे मला बरीच वर्षे वाटत होते. त्याच पोटात तुटकी बटणे आणि एक गंजलेली सेफ्टी पिनही होती, ती गोष्ट वेगळी.

माझ्यातले श्रीखंड एका पंगतीत संपले. मैनाबाईंनी मला घासले, उन्हात वाळवले आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या नोकरीला लावले. शेजारच्या जमुनाकाकू म्हणत, "डबा असावा तं असा! मुंगी शिरत नाही." मी फुगत असे. प्लास्टिकला तेवढेच जमते.

नवरात्रात मला सुट्टी असे. गोळीने उपवास मोडतो, असे मैनाबाईंचे मत होते. दरवर्षी सुटलेल्या गोळ्या सुटून जात. यंदा मात्र डॉक्टरांनी दरडावले होते, एकही गोळी चुकवायची नाही.

"आई, गोळी सोडू नोको," मुलगा गोपाल म्हणाला.

"देवीपुढं मी खोटं करत नाही बाप्पा. दसऱ्याले राहिलेल्या साऱ्या घेऊन घेईन. मंग तं झालं?"

गोपालचे समाधान झाले. दसऱ्याला उपवास सोडून मैनाबाईंनी राहिलेल्या साऱ्या गोळ्या एकदम घेतल्या आणि डॉक्टरांचा शब्द पाळला.

दुपारी त्या उंबऱ्यातच बसल्या. हातपाय गार पडले होते. सून सीमा धावली.

"आई, काय होऊन राहिलं?"

"काही नाही वं. उपासाची कमजोरी."

लिंबूसरबत झाले, तळपायाला तेल झाले, दृष्ट काढून झाली. मग जीप आली. सीमाने मलाही सोबत घेतले.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर दामिनींनी माझ्यातली रिकामी पाकिटे पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हृदयाला कॅल्शियम लागतं. ही गोळी त्याची वाट थोडी अडवते, म्हणून दाब उतरतो. एवढ्या गोळ्यांनी वाट बंदच झाली. अंगाला रक्त पोचत नाही, म्हणून रक्तात लॅक्टिक आम्ल साचतंय." त्यांनी इन्सुलिन मागवले. गोपाल आडवा आला.

"म्याडम, आईले शुगर नाही. इन्सुलिन कावून?"

"हृदयाला बळ यावं म्हणून. सोबत साखरही देतोय. वेळ नका घालवू."

"मामाले विचारतो."

मामांचे अकोल्याच्या जुन्या शहरात साड्यांचे दुकान आहे. दसऱ्याची गर्दी होती. त्यांनी फोन उचलून 'द्या' म्हणेपर्यंत दाब आणखी घसरला. मग इन्सुलिन दिले, कॅल्शियम दिले, श्वासाचे यंत्रही लावले. आम्ल वाढतच राहिले. सकाळी मैनाबाई गेल्या.

मित्रांनो, सुटलेली गोळी सुटू द्या, ती भरून काढू नका. उपवास धरण्याआधी देवीला विचारता तसे डॉक्टरांनाही विचारा. चुकून जास्त गोळ्या गेल्या तर बरे वाटत असले तरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि तिथे कुणाच्या मामाची वाट पाहू नका.

तेरवीला जमुनाकाकू आल्या. सीमाच्या गळ्यात पडून खूप रडल्या. मग डोळे पुसत त्यांनी माझे झाकण उघडले.

"एक पाकीट उरलं दिसते वं. मलेही बीपी आहे. वाया कावून घालवता?"

सीमाने ते त्यांना दिले.