साहेबाचा डबा

मी डबा बोलतोय. रोहिणखेडच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी झिऱ्याकाठी मोडून पडलोय तो. 'साहेबाचा डबा' हे नाव लोकांनी दिलं. एके काळी मी चालतं घर होतो.

खाली खामगावकडं कापसाच्या गाठी वाहून थकलेली लॉरी, वर अस्सल सागवानी खोली. धाडच्या फकीर मोहम्मद सुतारानं बिस्मिल्ला म्हणून पहिला खिळा ठोकला. त्याच्या हातची एकही फळी अजून हललेली नाही.

मला बांधून घेणारा गोरा साहेब रजेवर विलायतेला गेला होता. तिथं असल्याच चालत्या घरात बसून त्यानं हिरवी कुरणं, मेंढ्या, दगडी पूल बघितले. आता तसंच इथं फिरायचं होतं. त्यानं भिंतभर रुंद खिडकी मागितली आणि छताखाली पाण्याची लोखंडी टाकी. फकीर मोहम्मद म्हणाला, "साहब, वहाँ पानी रहता होंगा. यहाँ तो पानी पूछ के रुकना पड़ता."

साहेबानं विचारलं नाही. फाल्गुनात घाटात पळस फुलला होता, त्याच्या मडमेला चित्र काढायचं होतं. झिऱ्याला लागूनच मला उभं केलं.

त्या साली पाऊस हात राखून पडला होता. गावाला पाणी त्या झिऱ्याचं तेवढंच. रेतीत झिरपलेलं पाणी करवंटीनं घागरीत भरायचं. घागर रांगेत ठेवून माणूस घरी गेला तरी त्याची पाळी जात नसे. दिवसभर माणसं भरत, संध्याकाळी उरलेलं जनावरांचं. ही रीत कुणी मोडत नसे.

साहेबाच्या शिपायानं मोडली. उद्धव त्याचं नाव. पहाटेच रांगेतल्या घागरी पायानं सारून तो माझी टाकी भरून घेई. मग साहेब न्हाऊन घेई, मडम न्हाऊन घेई, त्यांचं कुत्रंही न्हाऊन घेई. साबणाचा फेस माझ्या बुडातून काळ्या मातीत गळे. मला ओकारी येई, पण लाकडाला ओकता येत नाही.

साहेब परका होता. उद्धव इथलाच, घोटभर पाण्याची किंमत जाणणारा. खरी किळस मला त्याची आली.

माणसांनी आपली तहान आवरली. संध्याकाळी जनावरांना मात्र ओली रेती उरली. गावातल्या पंजाबरावाची बैलजोडी ती रेती चाटू लागली. बैल गेले तर त्याची पेरणी गेली. तो रोज माझ्या खिडकीखाली येऊन बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभा राही. आत मडम पळस रंगवी.

निघायच्या दिवशी मी हललो नाही. त्यांच्याच न्हाणीच्या चिखलात माझी चाकं रुतली होती. उद्धवनं वेठीला पंजाबरावाची जोडी बोलावली.

"जुंप ना बे. उभा काऊन हायेस?"

"तहानलेला बैल मी जुंपत नाही."

"साहेबाचा हुकूम हाये."

"हुकूम मले सांग. बैलाले पाणी लागते."

"कोठडीत जाशील!"

"जातो. पण पहिले याहिले पाजा."

घागर कमरेवर घेतलेली अमीना रांगेतूनच म्हणाली, "उद्धवराव, तुमीच द्या ना मान जुवाखाली. सकाळ-सांज पिऊन तुमी तं ताजे हाये!"

रांग हसली. उद्धवनं चाबूक उगारला. पंजाबराव बैलांच्या पुढं येऊन उभा राहिला. चाबूक त्याच्या खांद्यावर बसला. तो तसूभर सरला नाही. कुणी हसेना.

साहेब दारात आला. टाकीतलं पाणी मडमेच्या न्हाणीचं आहे, म्हणाला आणि खुर्चीत बसला. ऊन चढलं. पंजाबराव तसाच उभा. शेवटी मडमच कंटाळली. काहीतरी तोडून बोलली आणि साहेबानं तोटी सोडायला सांगितलं. दया नव्हे ती. त्यांना बुलढाण्याला जायचं होतं.

उद्धवनं त्यांच्या न्हाणीचं घंगाळ बाहेर आणून तोटीखाली ठेवलं. बैल प्याले. टाकी कोरडी होईस्तोवर प्याले. मग पंजाबरावानं जोडी जुंपली. बैलांनी एका दमात मला वर काढलं आणि माझा आस कडकन मोडला. साहेब टांग्यानं गेला. परत आला नाही.

पुढं फकीर मोहम्मद आला. त्यानं माझ्या छताखालची टाकी उतरवली, वरून कापून उघडी केली आणि झिऱ्याशी ठेवली. आता प्रत्येक घरची एक घागर आधी तीत पडते, जनावरांसाठी. ही रीत नवी. कुणी मोडत नाही.

माझ्या आत कोंबड्या बसतात, घाण करतात. करू द्या. याहून मोठी घाण मी पोटात वागवली आहे. सरपणाला तोडाल तर तोडा, सागवान चांगलं जळतं. टाकीला मात्र हात लावू नका. आणि ही खिडकीची भिंत शेवटी पाडा. विलायतेचं मला ठाऊक नाही. पण संध्याकाळी पंजाबरावाचा बैल पाणी पिऊन मान वर करतो, तोंडातून थेंब गळतात, ते इथून दिसतं.

साहेबाच्या या खिडकीतून बघण्यासारखं तेवढंच होतं. त्या दिवशी बैल पीत होते तेव्हा त्यानं पडदा लावून घेतला होता.