उभ्या गाडीचं तेल

काशीनाथ गाडीखाली गेला तो अकराला, आणि साडेअकरा झाले तरी बाहेर आला नाही. चेंबरचा नट त्याने खोलला होता, इंजिनातलं काळं तेल घमेल्यात पडलं होतं, सगळं रीतसर झालं होतं. फक्त हलायला गेला आणि कंबरेत अशी उसण भरली की माणूस जागच्या जागी खिळला. शेवटी उर्मिलाने चटईचं टोक धरून त्याला बाहेर ओढलं. छप्पन्न वर्षांच्या नवऱ्याला भर गल्लीत असं ओढायचं म्हणजे काही शोभेचं काम नव्हे, आणि पेणकरपाड्यात खिडकीतून बघणाऱ्यांची कधी वाण नसते.

"हे शेवटचं," उर्मिला म्हणाली. "पुन्हा खाली गेलात तर मी ओढणार नाही. तिथेच राहा."

डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त जरा इंग्रजीत. गाडी चालवा, पण गाडीखाली झोपायचं नाही.

हे ऐकून काशीनाथला रडायला आलं. त्याची गाडी म्हणजे पाण्याचा टँकर. शांती नगरातल्या सोसायट्यांच्या टाक्या भरता भरता दोघंही थकले होते, पण गाडी अजून त्याच्या हाताखाली होती. तिचं ऑइल तो चौदा वर्षांपैकी तेरा वर्षं स्वतः बदलत होता. एकदाच, दुसऱ्याच वर्षी, एका गॅरेजवाल्यावर विश्वास टाकला. त्याने नट सैल ठेवला, तेल रस्त्यावर गळून गेलं आणि इंजिन जाम झालं. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेला हा माणूस ताकही फुंकून पीत होता. नटाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, आणि स्वतःला खाली जाता येत नाही. मग टँकर विकायचा, दुसरं काय? आणि टँकर विकून घरात बसलेला काशीनाथ कसा दिसेल हे त्याला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

संध्याकाळी सिल्व्हर पार्कहून स्वप्नील आला. काशीनाथचा मुलगा, ऑफिसात कामाला. सोबत सिंथेटिक ऑइलची भलीमोठी बादली.

"बाबा, साधं ऑइल तुम्ही आठ हजार किलोमीटरला बदलता ना? हे पंचवीस हजारांपर्यंत चालतं. तुमची गाडी दिवसाला साठ किलोमीटर पण फिरत नाही. म्हणजे वर्षभर बघायलाच नको."

काशीनाथने पडल्या पडल्या हिशेब केला. वर्षातून एकदा. एवढं तर ही कंबर सोसेल. डॉक्टरांना सांगायची काय गरज? त्या बादलीकडे तो असा बघत राहिला की उर्मिलाला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत तो गल्लीत आला. बादली उचलायलाही दुसरा माणूस हवा, म्हणून काशिमिऱ्याचा मेकॅनिक साहिल याला बोलावलं होतं. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा गडी. त्याने बादली राहू दिली आणि आधी घमेल्यातल्या तेलात बोट बुडवलं. चोळलं, वास घेतला.

"काका, कितना चला है ये?"

"आठ हजार. मीटर देख ले."

"ये आठ हजार का तेल नहीं है."

काशीनाथचं डोकं फिरलं. "तो मैं झूठ बोलता हूँ क्या? आपली गाडी लांब जातच नाही. यहाँ से शांती नगर, और वापस."

"आप नहीं, मीटर झूठ बोलता है," साहिल शांतपणे म्हणाला. "वहाँ जाके गाडी बंद करते हो?"

बंद कशी करणार? टँकरचा पंप गाडीच्याच इंजिनावर चालतो. पाणी वरच्या टाकीत चढवायचं तर गाडी उभी करून रेस लावून ठेवायची, टँकर रिकामा होईस्तोवर. एका फेरीला अर्धा तास, कधी पाऊण. दिवसाला आठ फेऱ्या. तेवढा वेळ इंजिन तापतं, झिजतं, तेल जाळतं, आणि मीटरचा काटा जागचा हलत नाही. सगळे टँकरवाले मीटर बघूनच ऑइल बदलतात. काशीनाथही त्यांच्यातलाच. वर 'माझी गाडी फार चाललेली नाही' असं चौदा वर्षं ऐटीत सांगत आलेला.

साहिलने बोटांवर मोजलं. "उभी गाडी का एक घंटा, चालीस किलोमीटर पकडो. ये तेल तीस हजार के ऊपर खींचा है, काका. सिंथेटिक डालके मीटर से साल भर चलाओगे तो इंजिन गया."

"मग सिंथेटिक खराब आहे?"

"तेल अच्छा है. पर इतनी पुरानी गाडी में वो अंदर का सब मैल धो डालेगा. सील सब सूखे हैं, मैल से ही टिके हैं. टपकने लगेगा. आप सादा डालो, और सवा महीने में बदलो."

सवा महिना. काशीनाथ मटकन पायरीवर बसला. वर्षातून एकदाची आशा होती, आता वर्षातून नऊदा. तो इतका दमला होता की राग यायलाही जोर उरला नव्हता.

उर्मिला दारात उभी राहून सगळं ऐकत होती. पहाटे पाचला गाडीचा आवाज जाताना ऐकणारी तीच, आणि रात्री परतताना ऐकणारीही तीच.

"मी म्हटलं दमलात, की तुम्ही म्हणायचात, मी कुठे दमतो, बसून तर असतो," ती म्हणाली. "गाडीचं काय ते कळलं. तुमचं कोण मोजणार?"

काशीनाथने खिशातला आपला पाना काढला आणि साहिलपुढे धरला. बारा वर्षांत त्या पान्याला दुसरा हात लागला नव्हता.

साहिल खाली गेला, नट बसवून पाच मिनिटांत बाहेर आला. नट घट्ट बसलाय का बघायला काशीनाथ काठीवर भार देऊन वाकायला गेला, निम्म्यातच थांबला. कंबर पुढे जाईना, आणि मन मागे येईना.

"सरका," उर्मिला म्हणाली. तिने पदर खोचला, चटई सरळ केली आणि गाडीखाली शिरली. आतून आवाज आला, "कुठला?"

"मधला. मोठा. हाताने फिरव."

"फिरत नाही. घट्ट आहे."

"नीट बघ."

"बघितलं. दोनदा."

काळा तळहात घेऊन ती बाहेर आली. काशीनाथने त्या हाताकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. ते त्याने लपवलंही नाही. काशीनाथने आधीच आणून ठेवलेलं साधं ऑइल साहिलने इंजिनात ओतलं. गाडी सुरू झाली, आवाज स्वच्छ आला.

तेवढ्यात फोन वाजला. शांती नगरातली सोसायटी, टाकी कोरडी, लगेच या. चौदा वर्षांत काशीनाथने एकाही फेरीला नाही म्हटलं नव्हतं.

"चारनंतर येतो," तो फोनवर म्हणाला. मग खिडकीतून हात घालून त्याने चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"हात धू," तो उर्मिलाला म्हणाला. "दुपारी घरीच जेवतो आज."