मंजुळाचं अंडं तरंगलं होतं

"भगतकाका, हे हंडीतलं पाणी प्यायलं तर काय होतं हो?"

मी विचारलं आणि देवळापुढच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगायचं तर प्रश्न माझा नव्हताच. माझी मैत्रीण मंजुळा आणि तिच्या टोळक्यानं पैज लावली होती. "कल्याणच्या शालेत जातंस ना गो मोठी? मग विचारून दाखव भगताला. माज्या वाटची सगली बोरं तुजी." आणि बोरांसाठी मी काय वाट्टेल ते विचारीन!

गोमाजी भगतानं डोळे वटारले. "प्यायलं तर? जीभ गलून हातात येईल, पोरी! देवीआईचं पानी हाय. डोल्यांनी बघायचं, तोंडाला लावायचं नाय."

"मग पाजाच हिला काका, लय बोलते ही!" मंजुळा मागून ओरडली. माणसं खो खो हसली. भगत मात्र हसला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

आमचं गाव दिव्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. निम्मं गाव भात लावतं, निम्मं मिठागरात राबतं. माझा बा, काळुराम, मिठागरातला. चौथीच्या पुढे शिकलेली गावातली पहिली मुलगी म्हणजे मी, शेवंती. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

यंदा, अठ्ठावन्न साली, थंडी सरता सरता आजूबाजूला देवीची साथ सुरू झाली. सरकारनं टोचायला हरिहर नावाचे गृहस्थ पाठवले. सगळे त्यांना 'देवी डॉक्टर' म्हणायचे. चावडीवर टेबल मांडून ते बसले आणि दुसऱ्याच दिवशी गोमाजीनं देवळापुढे दोन हंड्या मांडल्या. एकीला लाल फडकं, दुसरीला काळं.

"सात समुंदर, सात धारा, आईचा न्याव खरा खरा! फू:!" भगत हातातलं कोंबडीचं अंडं वर धरून नाचवायचा. "सरकारची सुई म्हंजे आईच्या अंगाला भोक! ज्यानं टोचून घेतलं नाय, त्याचं अंडं आई झेलते. ज्यानं टोचून घेतलं, त्याचं बुडवते. या, बघा!"

न टोचलेला माणूस पुढे आला की त्याच्यावरून उतरवलेलं अंडं लाल हंडीत पडायचं आणि तरंगायचं. दंडावर लशीचा व्रण असलेला आला की काळी हंडी. "सुईचा विटाल झालेला हाय, त्याची हंडी येगली," भगत म्हणायचा. त्यात अंडं दगडासारखं तळाला जायचं. बायका कानशिलावर बोटं मोडायच्या. चावडीवरचं टेबल ओस पडलं.

लोकांचा विश्वास का बसला, तेही सांगते. मागच्या पावसाळ्यात फ्लू आला होता. घरोघरी माणसं अंग मोडून पडली. भगतानं प्रत्येकाच्या मनगटाला काळा दोरा बांधला, कोंबड्या घेतल्या, आणि चार-पाच दिवसांत माणसं उठली. "बघा दोऱ्याची करामत!" आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, फ्लूचा ताप बहुतेकांचा आपोआपच उतरतो. ज्यांनी दोरा बांधला नाही, तेही उठलेच की! आणि म्हातारे गणूआजोबा दोऱ्यासकट गेले, तेव्हा भगत काय म्हणाला? "गाठ सैल बसली."

शाळेत आम्हा सगळ्या मुलींना लस टोचली होती. त्यामुळे माझं अंडं काळ्या हंडीत बुडालं. मंजुळाचं लाल हंडीत तरंगलं, अगदी डौलात, डोकं वर काढून. "बघ, आई माजी हाय," तिनं मला चिडवलं आणि पैजेची बोरं माझ्या ओच्यात ओतली.

मी तिला किती सांगितलं! "मंजे, चल ना चावडीवर. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बास."

"माजी आयस नाय बोलते. भगत बोललाय, माजं अंडं तरंगलं." मग हळूच म्हणाली, "आन् मना सुईची भीती वाटते गो."

बोरं संपायच्या आत मंजुळाला ताप भरला. मग अंगभर फोड.

तिच्या आईनं, कमळामावशीनं, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. आमच्याकडे देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत, आणि रडत तर नाहीतच. रडलं की देवीआई रागावते. मंजुळाच्या धाकट्या बहिणीला, सगुणाला, मामाकडे धाडलं. शेजारीपाजारी लांबून जाऊ लागले. मंजुळापाशी बसायला मी जात होते. मी टोचून घेतलं होतं म्हणून देवी डॉक्टर मला 'तू बसलीस तरी चालेल' म्हणाले होते. निघताना परसात अंघोळ करायची, कपडे उकळत्या पाण्यात घालायचे, मगच घरी कान्हाला, माझ्या लहानग्या भावाला, घ्यायचं, असंही त्यांनी बजावलं होतं.

मंजुळाचा चेहरा मी इथे लिहिणार नाही. तिला तो कुणी पाहिलेला आवडला नसता.

एकदा तिनं डोळे मिटूनच विचारलं, "शेवंते, आईनं माजं अंडं झेललं ना?"

"झेललं."

"मंग मना का नाय झेलत?"

मी तिच्या कपाळावरचं फडकं ओलं करून ठेवलं. ती धापा टाकत होती. मग ओठांच्या कोपऱ्यात तेच जुनं हसू आलं. "नुसतं विचारलंस तू. पिऊन दाखव. पैज." आणि जरा थांबून, "यंदाची बोरं सरली. पुढल्या वर्सीची देईन."

ती गेली तेव्हाही कमळामावशी रडली नाही. सगुणा अजून वाचायची होती, देवीआईला रागावू द्यायचं नव्हतं. तिनं पदराचा बोळा दातांत धरला आणि डहाळा तसाच ठेवला.

मला वाटलं, आता तरी गाव शहाणं होईल. कसलं काय! गोमाजीनं पुन्हा हंड्या मांडल्या. "मंजुळा गेली ती का? सुईवाली पोर तिच्या उशाशी बसत होती! विटाल झाला!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्याच गर्दीतून माझी आई, सखुबाई, कान्हाला कडेवर घेऊन लाल हंडीपाशी गेली. कान्हावरून अंडं उतरवलं गेलं. तरंगलं. आईनं सुटकेचा श्वास सोडला.

तो श्वास ऐकला आणि माझे पाय आपोआप चालू लागले.

"काका, मागं विचारलं होतं मी. आज पिऊनच बघते."

"ए पोरी! मागं हो!"

मी लाल फडकं बाजूला केलं, ओंजळ भरली आणि तोंडात घेतली. घसा जळाला. थू थू करत मी वळले आणि सगळ्या गावापुढे जीभ बाहेर काढली. "बघा! गळली का? जाग्यावर आहे!" मग काळ्या हंडीतली ओंजळ प्यायले. गोड पाणी. आपल्या विहिरीचं.

"बा, तू इकडे ये," मी म्हणाले. "मिठागरात पाणी पिकलं, मीठ धरण्याइतकं खारं झालं, की नाही ते तू बोट चाखून सांगतोस ना? हे चाख."

"कालुराम, हात लावशील तर वंश बुडंल!" भगत ओरडला.

बा थबकला. त्यानं कान्हाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग लाल हंडीत बोट बुडवून जिभेला लावलं. त्याचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं उगाच बोलावलं याला.

"पिकल्यालं पानी हाय," तो म्हणाला. "आपल्याच मिठागरातलं."

मी कान्हाचं अंडं लाल हंडीतून काढलं आणि काळ्या हंडीत टाकलं. बुडालं. तेच बाहेर काढून, पुसून, स्वतःवरून उतरवलं आणि लाल हंडीत सोडलं. टुणकन वर आलं.

"आता सांगा! एवढ्यात कान्हाला कुणी टोचलं? आणि मी आईची लाडकी कशी झाले? अंड्याला काही कळत नाही. मीठ मुरलेलं पाणी जड असतं, त्यात ते तरंगतं. साध्या पाण्यात बुडतं. बास, एवढाच चमत्कार! मिठागरात पाय घसरला तर माणूससुद्धा वर तरंगतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग रोज त्या पाण्यात उभे राहणारे आपण फसलो कसे? 'विटाळ झालाय, हंडी वेगळी' असं काका म्हणाले आणि एकाच्याही मनात आलं नाही, की वेगळी का? विटाळाच्या नावानं वेगळ्या हंड्या ठेवायची आपल्याला सवयच आहे ना!"

"मी आईला मानते," मी म्हणाले. "पण आई अंडी झेलत बसत नाही. मंजुळाजवळ मी रोज बसत होते. मला काय झालं? माझं अंडं बुडालं होतं आणि मी तुमच्यापुढे उभी आहे. मंजुळाचं तरंगलं होतं..."

मी कमळामावशीकडे पाहिलं.

गर्दी दुभंगली. कमळामावशी पुढे आली. तिनं लाल हंडीतलं अंडं उचललं आणि तळहातावर धरून बघत राहिली. त्याच्यावरून खारं पाणी तिच्या मनगटावर ओघळत होतं.

"एवढ्यापायी?" ती भगताला म्हणाली. "गोमाजी, एवढ्यापायी?"

भगत काहीतरी पुटपुटला, कोपाबिपाचं. कुणी ऐकलं नाही. मावशी तिथंच मातीत बसली आणि रडली. इतके दिवस दातांत धरलेलं सगळं रडली. देवळाच्या पायरीशी, आईच्या डोळ्यांदेखत. आणि आई काही रागावली नाही.

मला वाटलं होतं, भगत उघडा पडला की मला केवढा आनंद होईल! काही झालं नाही. पैज मी जिंकले होते आणि बोरं द्यायला कुणी नव्हतं.

जे डोळ्यांना दिसतं त्याच्या खाली काय आहे, ते एकदा चाखून बघा. माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. विचारल्यानं देव रागावत नाही, आणि चाखल्यानं जीभ गळत नाही.

घरी येताना आईनं कान्हाला घट्ट धरलं होतं. बा मागून चालत होता, मान खाली घालून. अंगणात मी दोघांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"आये, बा, ऐका. उद्या सकाळी मी कान्हाला चावडीवर टोचायला नेणार आहे. आधी सगुणाला तिच्या मामाकडून आणणार, मग दोघांना नेणार. हो म्हणालात तर तुमच्यासोबत, नाही म्हणालात तर माझी मी. पण नेणार."