कोरम खाली, माणसं वर

आमच्या इमारतीची लिफ्ट दीड महिना तळमजल्यावर बसून आहे. दोर झिजलाय. मेकॅनिक पाहून गेला, खर्च सांगून गेला आणि जाताना म्हणाला, "हो म्हणा, लगेच चालू करतो." आता हो म्हणायचं कुणी, एवढाच प्रश्न राहिला.

तो अधिकार फक्त सभेला. तशी नियमावलीच आहे, आमच्या अध्यक्षांनी लिहिलेली. अध्यक्ष म्हणजे चौथ्या मजल्यावरचे प्रोफेसर. जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतर वर्ग मिळेना म्हणून इमारत हाती घेतली. खर्च मंजूर करणारे वेगळे, पैसे देणारे वेगळे, तंटा मिटवणारे वेगळे. प्रत्येक प्रौढाला एक मत. सत्ता एकाच्या हाती नको. परिणामी आमच्याकडे कुणाच्याच हाती काही नाही.

सभा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आणि निम्मे सभासद हजर हवेत. लिफ्ट बंद, म्हणून वरची म्हातारी मंडळी उतरत नाहीत. तळमजल्यावरचे अगत्याने येतात, पण त्यांना लिफ्टशी काय देणंघेणं? दोन सभा कोरमअभावी बारगळल्या.

यात खऱ्या अडकल्या त्या प्रोफेसरांच्या बायको, आमच्या वहिनी. गुडघे गेलेले. थोरली बहीण मुलाकडे परदेशी चाललेली, कायमची. तिलाही जिना चढवत नाही. एकदा ती खाली गाडीत बसली, वहिनी वर गॅलरीत, आणि दोघी फोनवर बोलल्या. खुर्चीत बसवून उतरवू म्हटलं, तर वहिनी उसळल्या, "मी काय कपाट आहे?"

त्या दिवशी मी प्रोफेसरांना गाठलं. "सर, तुम्हीच सही करून टाका की."

"राजाने मनाला येईल तसा खर्च करू नये म्हणून लोकांनी राजाचं डोकं उडवलंय, ठाऊक आहे?"

"लिफ्टच्या दोरासाठी?"

"तत्त्वासाठी! अडीच हजार वर्षांपूर्वी लोक टेकडीवर जमून कारभार करायचे. रेंगाळणाऱ्यांना लाल रंगात भिजवलेल्या दोरीने हाकत न्यायचे. ज्याच्या कपड्यांना रंग लागला, त्याला दंड!"

वहिनी आतून म्हणाल्या, "आणि बायका कुठे असायच्या हो?"

प्रोफेसर जरा घुटमळले. "घरी."

"मग माझं तसंच चाललंय. अडीच हजार वर्षं काही बिघडलं नाही!"

तिसरी सभा शनिवारी भरली. बहिणीचं विमान सोमवारी. डोकी मोजली, एक कमी. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबायचं म्हणून थांबलो. तळमजल्यावरचे शिंपीमामा जांभया देत म्हणाले, "मला लिफ्ट नकोच आहे, पण आता हात वर करायची फार हौस आलीय बुवा."

तेवढ्यात जिन्यात काहीतरी घासल्याचा आवाज आला. थांबून, पुन्हा. मी बाहेर डोकावलो. वहिनी एकेका पायरीवर बसत, सरकत खाली येत होत्या. मी आत पळालो. "सर, थांबा. वहिनी येताहेत. कोरम झालाच म्हणा!"

प्रोफेसरांनी घड्याळ पाहिलं. "वेळ संपली. सभा बरखास्त."

"अहो, शेवटच्या पायऱ्यांवर आहेत त्या!"

"परकं कुणी असतं तर थांबलोही असतो. माझ्या घरचं माणूस आहे. लोक पक्षपात म्हणतील."

"आम्ही नाही म्हणणार," शिंपीमामा म्हणाले. पण ते नोंदवायला आता सभा नव्हती.

वहिनी दारात आल्या. लुगडं धुळीने माखलेलं, चपला हातात. "हं, मोजा."

"सभा संपली," प्रोफेसर जमिनीकडे पाहत म्हणाले.

"कधी?"

"आत्ताच."

"मी जिन्यात होते ते ऐकू येत होतं?"

"येत होतं."

वहिनींनी दम घेतला आणि फोन काढला. "ताई, खाली आलेय गं मी. गाडी पाठव. विमानापर्यंत तुझ्याकडेच राहते."

"अगं, पण परत वर कशी येशील?" प्रोफेसरांनी विचारलं.

"ते तुम्ही सभेत मांडा," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

विमान गेलं. वहिनी बहिणीच्या रिकाम्या घरीच राहिल्यात. ते घर तळमजल्यावर आहे. काल इथे चौथी सभा झाली म्हणे. कोरमला दोघं कमी पडले.

मी गेलोच नव्हतो.