ऐच्छिक कपात

कोर्टाची लिफ्ट बंद होती. आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस कठडा धरत तिसऱ्या मजल्यावर पोचला, तेव्हा त्याचा डावा गुडघा ठणकत होता. बाकावर त्याची पूर्वीची बायको बसली होती. रक्त तपासायच्या लॅबमधली रात्रपाळी संपवून ती तशीच आली होती.

घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. मुलगी, ठकी, आईकडे राहायची. तिच्या खर्चासाठी तो दरमहा पैसे द्यायचा. ते वाढवून मिळावेत म्हणून बायकोने अर्ज केला होता.

आत न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, "तुमचा पगार वाढला, पण हातात येणारा कमी झाला. कसा?"

"पेन्शनला जास्त कापून घेतो, मॅडम."

"नियमाने कापतात त्याहून जास्त?"

"हो. दुप्पट."

"कधीपासून?"

"घटस्फोटानंतर." मग तो घाईने म्हणाला, "पण पोरीचं बुडवायला नाही. गुडघा गेलाय माझा. साठीपर्यंत काही हे काम झेपायचं नाही. माझे वडील शेवटची वर्षं माझ्या स्वयंपाकघरात झोपले. औषधाला पैसे मागायचे तर तोंड लपवायचे. मला तसं..."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "सक्तीची कपात मी उत्पन्नातून वजा धरीन. मर्जीने टाकता ती मात्र तुमची बचत. ती उत्पन्नातच धरावी लागेल." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "तुमची शिल्लक काही?"

"काही नाही."

"पेन्शन?"

"होती. मागच्या वर्षी ठकीच्या कानाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सगळी काढली."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या वेळी तो दवाखान्यात फळं घेऊन गेला होता. पैसे तिच्या भावाने दिले असतील, असं धरून चालला होता.

रक्कम वाढली. फार नाही, पण कपात कमी केल्याशिवाय भागणार नाही इतकी.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मला सांगायचंस तरी."

"तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आणि भांडायचं तर अंगात त्राण लागतं रे. ते नव्हतं."

"आणि म्हातारपणी काय करशील?"

"आधी झोप काढीन म्हणते."

दोघंही हसले, जरासंच.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात जाऊन कपात नियमाएवढी करून घेतली. कोर्टाने ठरवलेल्या रकमेखेरीज ऑपरेशनचा निम्मा खर्चही तो हप्त्याहप्त्याने पाठवू लागला. ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने उलट फक्त "मिळाले" एवढंच कळवलं.

पुढे एका रविवारी ठकी त्याच्याकडे आली होती. "आई परत पेन्शन भरते," ती म्हणाली. "बाबा, पेन्शन म्हणजे काय?"

"म्हातारपणचा पगार."

"तुला पण मिळणार?"

"थोडासा," म्हणत तो दिवाणावर आडवा झाला. बोलता बोलताच त्याचा डोळा लागला. ठकीने उठून टीव्हीचा आवाज कमी केला.